मांजर पिले का हलविते?

शास्त्रवाचन : निर्गम २:१-१०, २ राजे ११:१-३, लूक १५:३-७

पवित्र शास्त्राच्या ६६ पुस्तकांत सिंह आहे, लांडगा आहे, उंट, गाढव, मेंढरू, चिमणी आहे. एवढेच काय, मुंगीलाही शलमोनाने आळशी माणसाची शिक्षिका केले आहे. परंतु घरच्या मांजराचे नाव त्यांत कोठे आढळत नाही. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराजवळ कुत्र्यांना तरी जागा मिळाली. मांजराला तीही नाही. तथापि आकाशातील पाखरांकडे व रानातील फुलांकडे निरखून पाहा असे ज्या प्रभूने शिष्यांना शिकविले, त्याच्या लोकांनी आपल्याच चुलीपाशी बसणाऱ्या प्राण्याकडे निरखून पाहिले तर ते वावगे होणार नाही.

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील आमच्या कोहिनुरात आणि आसपासच्या खेड्यांत मांजर बहुधा कडब्याच्या गंजीत, तुऱ्हाट्यांच्या ढिगामागे, रिकाम्या कणगीत किंवा माळवदाच्या घरातील एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात विते. घरातील लेकरे दोन-चार दिवस चोरून डोकावतात, आणि एका सकाळी ती जागा रिकामी दिसते. पिले गेली कोठे? घरोघर या प्रश्नाची तीन उत्तरे ठरलेली असतात. आजी म्हणते, "मांजर पिलांना सात घरे फिरविते, त्याशिवाय त्यांचे डोळे उघडत नाहीत." शेजारीण म्हणते, "बोक्याने खाल्ली असतील." आणि आई लेकरांवर रागावते, "तुम्ही हात लावलात, म्हणून तिने टाकून दिली."

सांभाळण्यासाठी नेली, शत्रूने नेली, की आईनेच टाकली? हा प्रश्न मांजरापुरता असता तर आम्ही मासिकाची पाने त्यासाठी अडविली नसती. ज्याला एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेले जाते, त्याने त्या उचलण्याचा अर्थ काय घ्यावा, हा त्यातील खरा प्रश्न आहे. आमच्या मंडळ्यांत असे उचलले गेलेले लोक थोडे नाहीत.

मांजर प्रत्यक्षात काय करते

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मांजरीचा गाभणकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. पिले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले व कानही बंद असतात. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकविता येत नाही. आईची ऊब आणि भावंडांची दाटी हाच त्यांचा आधार. पण आईला दूध यावे तर तिला खावे लागते, आणि खावे तर पिलांना सोडून बाहेर जावे लागते. ती गेली की ती पिले अगदी निराधार असतात.

मांजर जागा बदलते ती याच काळजीपोटी. एकाच ठिकाणी आठ-दहा दिवस गेले म्हणजे दुधाचा व घाणीचा वास साचतो, पिसवा व मुंग्या येतात; त्या वासावर कुत्रा येतो, मुंगूस येते. परका बोका पिले मारतो हेही खरे आहे. पिले नाहीशी झाली म्हणजे मांजर लवकर पुन्हा माजावर येते, हे त्याचे कारण जाणकार सांगतात. छप्पर गळू लागले, उन्हाने जागा तापली, माणसांची वर्दळ वाढली, तरी ती उठते. पिले तीन-चार आठवड्यांची झाली म्हणजे पुष्कळदा ती त्यांना जेथे भक्ष्य जवळ मिळेल अशा जागी नेते. तेव्हा शेजारणीची भीती खोटी नाही. आजीच्या सात घरांचा आकडा मोजून ठरविलेला नसला, तरी जागा बदलण्याचे दिवस आणि डोळे उघडण्याचे दिवस पुष्कळदा एकच असतात, एवढे तिने बरोबर पाहिले आहे. आईचे उत्तर मात्र दुरुस्त केले पाहिजे. माणसाचा वास लागला एवढ्यावरून मांजर सहसा पिलांना टाकीत नाही. पुन्हा पुन्हा हाताळल्याने तिला ती जागा धोक्याची वाटते, आणि ती त्यांना घेऊन जाते. आपण ज्याला टाकणे म्हणतो ते पुष्कळदा नेणे असते.

आता नेण्याची रीत पाहा. मांजर पिलाला मानेच्या कातडीला दातांनी धरून उचलते. ज्या दातांनी ती उंदराची मान मोडते, तेच हे दात; पण पिलाच्या मानेवर ओरखडाही उठत नाही. आणि पिलू काय करते? ते धडपडत नाही. अंग सैल सोडते, मागचे पाय व शेपूट पोटाशी ओढून घेते आणि स्थिर राहते. माणसाच्या तान्ह्या मुलातही याच्या जवळचे काही आढळते. २०१३ साली जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले की, आई मूल कडेवर घेऊन चालू लागली म्हणजे त्याचे रडणे व हातपाय झाडणे कमी होते आणि त्याच्या हृदयाचे ठोकेही मंदावतात. आई नुसती घेऊन बसली तर तितका परिणाम होत नाही. उंदराच्या पिलांतही त्यांना तसेच दिसले. नेले जात असताना शांत होण्याची ही शक्ती निर्माणकर्त्याने इतक्या लहान जिवांत घालून ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट. मांजरीला एका वेळी एकच पिलू नेता येते. चार पिले असतील तर तिला चार खेपा कराव्या लागतात. तेवढ्या वेळात काही पिले नव्या जागी एकटी असतात, काही जुन्या जागी एकटी असतात. आणि दोन्हीकडच्या पिलांच्या दृष्टीने आई नाहीशी झालेली असते. म्हणून वाचकांना एक व्यवहाराची सूचना करतो. कोठे एकटी पिले दिसली, तर लगेच उचलून आणू नका. दुरून काही तास लक्ष ठेवा. ती थंड पडली असतील, जखमी असतील किंवा धोक्याच्या जागी असतील तर गोष्ट वेगळी. एरवी आई वाटेत असण्याचा संभव अधिक. या क्षणी ती दिसत नाही एवढ्यावरून ती येणारच नाही असा निकाल देऊ नये.

लपविणे हा अविश्वास आहे काय?

आमच्या मंडळ्यांत एक विचार अधूनमधून कानी पडतो : "देवावर विश्वास आहे ना? मग लपायचे कशाला, पळायचे कशाला, औषध नि लस तरी कशाला?" या बोलण्यात भक्ती दिसते, पण शास्त्राचा आधार दिसत नाही.

फारोने इब्री मुलगे नदीत टाकण्याचा हुकूम काढला, तेव्हा मोशेच्या आईने बाळ तीन महिने लपविले. आणि लपविणे अशक्य झाले तेव्हा लव्हाळ्याच्या पेटीला राळ व डांबर लावून ती नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवली. अथल्या राणीने राजवंश बुडविण्यास आरंभ केला, तेव्हा यहोशेबेने आपल्या भावाचा तान्हा मुलगा योवाश याला दाईसह चोरून नेले, आणि तो सहा वर्षे परमेश्वराच्या मंदिरात लपून राहिला. हेरोदाच्या तलवारीपुढून योसेफाने रात्रीच बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देश गाठला. तेथे तर लपण्याची आज्ञा स्वर्गातूनच आली. आणि इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासाने केलेल्या कृत्यांची यादी आहे. त्यात मोशेच्या आईबापांनी बाळ लपविले हे कृत्यही गणले आहे. ज्या यादीत अब्राहाम आहे, त्याच यादीत ती लपविलेली पेटी आहे.

आमच्या भागातील एक परंपराही येथे आठवते. १२ व्या शतकात कल्याण नगरात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मोठा उत्पात झाला, तेव्हा बसवेश्वरांचे अनुयायी शरण आपली वचने सांभाळीत पश्चिमेकडे उळवीच्या रानात गेले असे सांगतात. त्यांचा मार्ग आमच्याहून वेगळा. पण जे अनमोल आहे ते धोक्याच्या जागेवरून हलविणे म्हणजे भ्याडपणा नव्हे, हे या मातीतील माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

केडगावला नेलेल्या मुली

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात या गोष्टीचा एक मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, आणि १८९० साली ते पुण्यास नेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील व बहीण पूर्वीच्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. त्यामुळे हाडाचा सापळा झालेल्या मुली पाहून त्यांना काय वाटले असेल हे सांगावयास नको. त्या मुलींना त्या पुण्यास आणू लागल्या. तोच १८९७ साली पुण्यात प्लेगाचे निर्बंध आले आणि इतक्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. एका संकटातून उचलून आणलेल्या मुली दुसऱ्या संकटापुढे पुन्हा उचलाव्या लागल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी रमाबाईंनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तात्पुरत्या निवाऱ्यांत त्यांनी या मुलींना नेले, आणि त्याच जागी मुक्ती सदन उभे राहिले.

आता त्या मुलींच्या बाजूने पाहा. गाव सुटले, आईबाप गेले, अनोळखी बाई आगगाडीत घालून दूर नेते आहे. रमाबाईंच्या चरित्रात नमूद आहे की, काही मुलींना वाटे, ही बाई आपल्याला खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करील आणि मग उलटे टांगून आपल्या अंगातील तेल काढील! पिलाच्या मानेवर दात टेकले आहेत. ते दात आईचे की बोक्याचे, हे त्या अंधाऱ्या क्षणी त्याने कसे ओळखावे? त्या मुलींना दोष देऊ नये. जगाने त्यांना तोवर दुसऱ्याच प्रकारचे दात दाखविले होते. रोजची भाकरी मिळत राहिली, मारणारा हात आलाच नाही, आणि महिने उलटले, तेव्हा त्यांना कळले की आपल्याला आणले ते जगविण्यासाठी.

मार्जारन्याय

मांजर व तिची पिले हा दृष्टान्त आपल्या देशातील तत्त्वज्ञांनी पूर्वीच हाती घेतला आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात यावरून दोन पक्ष पडले. वेदान्त देशिकांना मानणाऱ्या वडगलै पक्षाने म्हटले, जीव माकडाच्या पिलासारखा आहे. आई उडी मारते खरी, पण पिलाने तिला घट्ट धरले पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणाऱ्या तेंगलै पक्षाने म्हटले, नव्हे, जीव मांजरीच्या पिलासारखा आहे. धरणारी आईच, पिलाने काही करावयाचे नाही. पहिल्याला मर्कटन्याय व दुसऱ्याला मार्जारन्याय म्हणतात. जर्मन ईश्वरविज्ञानी रुडॉल्फ ऑटो यांनी १९३० साली भारतातील कृपाधर्म व ख्रिस्ती धर्म यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही या वादाचा विचार आहे. कारण कृपा की कर्म हा आपल्या घरातलाही जुना वाद आहे.

आम्हांस वाटते, ज्यांनी मांजर पिलू नेताना जवळून पाहिले आहे, त्यांना हा वाद थोडा निराळा दिसेल. पिलू काहीच करीत नाही असे नाही. ते सैल होते, पाय आवरून घेते, स्थिर राहते. त्याने हिसके दिले तर नेणे कठीण होईल. पण आपण पाय आवरले म्हणून आपण पोहोचलो, असा दावाही पिलाला करता येणार नाही. वाहून नेणारी सगळी शक्ती आईची. पिलाचे ते वाहून घेऊ देणे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे आहे असे सांगितले आहे, त्यातील विश्वास हा असाच आहे असे आम्ही समजतो. तो कमाई नव्हे. पण तो नुसता आळसही नव्हे. घाबरलेल्या जिवाला स्थिर राहण्यासारखे कठीण काम नाही, हे ज्याने रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला ठाऊक आहे.

प्रत्येक उचलणारा आई नसतो

येथे सावध होणे भाग आहे. "तुम्ही स्थिर राहा, उचलणारा तुमच्या भल्यासाठीच उचलतो आहे," हे वाक्य वाईट माणसाच्या तोंडी फार सोयीचे होते. सावकार असे म्हणू शकतो, मुकादम म्हणू शकतो. मंडळीचा पुढारीही म्हणू शकतो, आणि मुलीचे शिक्षण थांबवून तिचे घाईने लग्न लावणारा बापही म्हणू शकतो. बोकाही पिलाला मानेलाच धरतो. मग ओळखावे कसे?

आम्हांस तीन खुणा दिसतात.

पहिली : नेण्याचा त्रास कोण सोसतो? तोंडात पिलू असताना मांजर कोणाला चावू शकत नाही. कुत्रा समोर आला तर तिच्याजवळचे मुख्य हत्यार गुंतलेले असते. पिलाला वाचविण्यासाठी ती स्वतःला उघडी करते. शलमोनापुढे दोन बायका एका मुलासाठी भांडत आल्या, तेव्हा खरी आई याच खुणेने ओळखू आली : मूल जगावे म्हणून तिने आपला हक्क सोडण्याची तयारी दाखविली. जो दुसऱ्याला हलवितो पण स्वतःचे काहीच पणाला लावीत नाही, त्याच्या प्रेमाबद्दल विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरी : पोहोचविण्याच्या जागेची काळजी कोण करतो? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, आमच्या सीमेपलीकडे किल्लारी भागात भूकंप झाला. त्याचे धक्के इकडेही जाणवले. सुमारे १० हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद या तेव्हाच्या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जीव वाचावेत म्हणून गावे हलविली हे योग्यच झाले, आणि ज्यांनी देशोदेशीहून साहाय्य पाठविले त्यांचे उपकार आहेत. तरी सरळ रांगांतील घरांत कोठे बसावे, गुरे कोठे बांधावीत, शेजार कोणाचा, हे प्रश्न त्या लोकांना पुष्कळ काळ पडत राहिले. मांजर नवी जागा आधी निवडते, मग पिलू उचलते. उचलणे ही अर्धीच दया आहे.

तिसरी : लपविण्याला शेवट आहे काय? तीन महिन्यांनी पेटी नदीत गेली, आणि पुढे मोशे फारोपुढे उभा राहिला. सातव्या वर्षी यहोयादा याजकाने योवाशाला बाहेर आणून त्याच्या मस्तकी मुकुट ठेवला. हेरोद मेल्यावर मिसरातून परत जाण्याची आज्ञा झाली. मांजरीचेही तसेच. पिले चार-पाच आठवड्यांची झाली म्हणजे ती त्यांच्यापुढे मेलेला उंदीर आणून टाकते, पुढे जिवंत आणते, आणि हळूहळू दूध तोडते. जी माया लेकराला कायमची कणगीत ठेवू पाहते, ती लेकरासाठी उरलेली नसते. ती आपल्याच भीतीसाठी असते. मुले मोठी झाली तरी त्यांनी आपल्या नजरेबाहेर जाऊ नये असे म्हणणाऱ्या आईबापांनी, आणि तरुणांनी प्रश्न विचारू नये असे म्हणणाऱ्या मंडळ्यांनी, हे ध्यानात घ्यावे.

जेथे मांजर थांबते

मांजरीच्या दृष्टान्ताने आम्हांला एवढ्यापर्यंत आणले. पण त्यापुढे तो चालत नाही, आणि हे लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मांजर कधीकधी अशक्त पिलू मागे ठेवते. जे थंड पडले, जे पीत नाही, त्याच्यासाठी ती खेप करीत नाही. जी जगण्याजोगी आहेत त्यांच्यासाठी तिला आपले दूध राखावयाचे असते. निसर्गाचा हा हिशेब आहे, आणि तिला त्याबद्दल दोष देता येत नाही.

प्रभूने सांगितलेल्या दृष्टान्तात मात्र हिशेब उलटा आहे. शंभरांतील एक हरवले, तर मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या मागे जातो, आणि सापडले म्हणजे खांद्यावर घेतो. व्यवहारी मेंढपाळ हे करणार नाही; व्यवहारी मांजर तर नाहीच. सृष्टीकडे पाहून देवाच्या काळजीचा अंदाज येतो, पण जे मागे राहिले त्याच्यासाठी पुन्हा येणारी खेप आपल्याला शुभवर्तमानातच कळते.

येथे एक कठीण प्रश्न कोणीही विचारील, आणि विचारावा. बाळ येशूला मिसरात नेले. मग बेथलेहेमातील बाकीच्या लेकरांचे काय? त्यांच्या बापांना स्वप्न का पडले नाही? मत्तय आपल्या शुभवर्तमानात तो आकांत झाकून ठेवीत नाही. राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि तिला सांत्वन नको आहे, या यिर्मयाच्या वचनाकडे तो आपल्याला नेतो. आम्हांजवळ याचे पुरे उत्तर नाही, आणि ज्या घरातील लेकरू गेले आहे तेथे जाऊन उत्तर देण्याचा प्रयत्न कोणी करू नये असे आमचे मत आहे. एवढेच म्हणता येते की, त्या रात्री ज्याला हलविण्यात आले, त्याला पुढे गेथशेमाने बागेतून हलविण्यात आले नाही. तेथे त्याने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. वधस्तंभावर त्याने स्वतःच टाकून दिल्या गेलेल्या लेकराचा आक्रोश केला. ज्यांना कोणी उचलून नेले नाही, त्यांच्या जागी तो स्वतः जाऊन राहिला. आमच्या विश्वासाचे शेवटले टोक हेच आहे.

आपण काय करावे

आमच्या या भागातून सुगी आटोपली म्हणजे कितीतरी कुटुंबे हैदराबाद, पुणे, मुंबईकडे बांधकामावर आणि कारखान्यांच्या हद्दीत ऊसतोडीवर जातात. लेकरे कधी बरोबर जातात, कधी आजीपाशी राहतात, कधी वसतिगृहात ठेवली जातात. एका विधवा भगिनीने आपली आठ वर्षांची मुलगी अशीच वसतिगृहात ठेवली. मुलगी दोन महिने आईशी फोनवरही बोलेना. सुटीत ती घरी आली तेव्हा मंडळीतील एका वडील बाईने तिला जवळ घेऊन विचारले, "आईवर रागावलीस का गं बाळा?" मुलगी म्हणाली, "मला टाकून गेली." आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "टाकलं नाही गं. तिथं पालात रातच्याला दार नसतंय. तुला कुठं निजवू?"

या एका वाक्यात मांजरीने पिले का हलविली याचे सगळे उत्तर आले. पण ते मुलीला कोणी आधी सांगितले नव्हते. पिलाला भाषा नसते. आपल्या लेकरांना आहे. तेव्हा जे आईबाप पोटासाठी लेकरापासून दूर जातात, त्यांनी जाण्यापूर्वी लेकराला समोर बसवून कारण सांगावे, आणि केव्हा येणार तेही सांगावे. ते लहान आहे, त्याला काय कळते, असे म्हणू नये.

आणि मंडळीने काय करावे? मांजर पिलू नेऊन ठेवते आणि दुसऱ्या खेपेला निघते, तेव्हा त्या पिलाला आईच्या खालोखाल गरज असते ती उबेची. गावात मागे राहिलेली लेकरे रविवारच्या शाळेत येतात, तेव्हा त्यांची नुसती हजेरी मांडून भागत नाही. उपासनेनंतर कोणाच्या तरी घरी त्यांना जेवावयास नेले पाहिजे. वसतिगृहातील मुलांना महिन्यातून एकदा कोणीतरी भेटावयास गेले पाहिजे. आणि कामासाठी परगावाहून एखादे कुटुंब आपल्या मंडळीत नव्याने आले, तर ते मागच्या सतरंजीवर बसून परत जाऊ नये. त्यांचे नाव विचारले पाहिजे, घर पाहिले पाहिजे. देव ज्यांना उचलून नेतो, त्यांना तो बहुधा माणसांच्या घरीच नेऊन ठेवतो. मोशेला त्याने फारोच्या कन्येच्या हाती दिले, योवाशाला यहोशेबेच्या, आणि स्वतःच्या पुत्राला एका सुताराच्या.

वाचकांपैकी कोणी आज अशाच अंधारात असेल. बदली झाली, घर मोडले, गाव सुटले, आणि मानेवर दात टेकल्यासारखे वाटत असेल. अशांना आम्ही "सर्व ठीक होईल" असे घाईने म्हणत नाही. धरणारा कोण आहे ते वर सांगितलेल्या खुणांनी पारखून पाहा. तो माणूस असेल व त्याच्यात त्या खुणा नसतील, तर हिसका देऊन सुटण्यास तुम्ही मोकळे आहात. त्यात अविश्वास नाही. पण ज्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत त्याने धरले असेल, तर पाय आवरून स्थिर राहा. नवी जागा अजून दिसत नसेल. पिलाचे डोळेही वाटेत मिटलेलेच असतात.